‘घोरण्याचा तर विषयच सोडा’

आदरणीय डॉक्टर,
आमचे मिस्टर ५६ वर्षांचे. साताऱ्यात आमचं किराणा दुकान आहे. त्यांना आठ वर्षांपासून बीपी आहे. सकाळी सातला टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ घेतात, एक दिवस चुकत नाही. दवाखान्यात गेलं की १२८/८०, फार तर १३०/८२ भरतं, म्हणून सगळं ठीक आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पण हल्ली अजिंक्यतारा चढताना अर्ध्यात दोनदा थांबतात. पूर्वी एका दमात जायचे. डॉक्टरांनी टूडी एको करायला सांगितला आणि बीपीचं होल्टर लावलं. होल्टरच्या रिपोर्टवर ‘नॉन-डिपर’ लिहिलंय. एकोत हृदयाची भिंत १२ मिलिमीटर, डावा वरचा कप्पा थोडा मोठा, ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’, ईएफ ६० टक्के. म्हणजे ४० टक्के हृदय बंद पडलंय का? मशीन लावणारा मुलगा म्हणाला, रात्री बीपी उतरत नाही, झोपेत अटॅक येऊ शकतो. तेव्हापासून मी रात्री दोनचा गजर लावते, त्यांना उठवते आणि घरच्या मशीनवर बीपी बघते. कधी १४५, कधी १५०. व्हॉट्सॲपवर आलंय की बीपीची गोळी रात्री घेतली तर अटॅक निम्म्याने कमी होतात. गोळ्या रात्री द्यायला लागू का? बाकी त्यांना काही त्रास नाही. रात्री लघवीला दोन-तीनदा उठतात, पण ते वयाने. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणतात. घोरण्याचा तर विषयच सोडा, पाच वर्षं झाली, मी हॉलमध्ये झोपते. दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.
— एक वाचक, सातारा

ताई,

तुमच्या पत्रातली घोरण्याची ओळ मी पेनने अधोरेखित करून ठेवली आहे. तिच्याकडे येतेच. आधी तो दोनचा गजर बंद करा. आज रात्रीपासून.

झोपेतलं बीपी झोपेतच मोजावं लागतं. गाढ झोपलेल्या माणसाला हलवून उठवलं, दिवा लावला, दंडाला पट्टा बांधला, की मशीनवर येतो तो दचकून जाग्या झालेल्या माणसाचा आकडा. तो १४५ आला काय आणि १५० आला काय, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. उलट रोज दोनदोनदा झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशीचंही बीपी चढतं, त्यांचंही आणि तुमचंही. तुमचं शेवटचं कधी तपासलं होतं, हे पत्रात कुठे नाही.

आता ईएफ. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याचा चेहरा तसाच उतरलेला असतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात रक्त भरतं. त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकलं गेलं, तो आकडा म्हणजे ईएफ. निरोगी हृदयसुद्धा कप्पा कधी पूर्ण रिकामा करत नाही. पुरुषांमध्ये साधारण ५२ ते ७२ हे नॉर्मल धरतात. त्यामुळे ६० ला पैकीच्या पैकी मार्क. काहीही बंद पडलेलं नाही.

पण ईएफ हे हृदयाच्या एकाच विषयाचं प्रगतिपुस्तक आहे. हृदय आवळतं तसं सैलही होतं. सैल होतं तेव्हाच आत रक्त भरतं, आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांनाही रक्त मुख्यतः त्याच वेळात मिळतं. ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ म्हणजे आवळणं उत्तम चालू आहे, सैल होणं जरा जड जातंय. कुकरची रिंग जुनी झाली की कशी कडक होते आणि झाकण बसवताना जोर लावावा लागतो, तसं. भिंत जाड झाली की ती चटकन सैलावत नाही. मग तिच्यात रक्त भरायला वरच्या कप्प्याला जोर लावावा लागतो, आणि वर्षानुवर्षं जोर लावून तो मोठा होतो. तुमच्या रिपोर्टमधल्या तीन ओळी, जाड भिंत, मोठा झालेला वरचा कप्पा आणि ग्रेड वन, या तीन वेगवेगळ्या भानगडी नाहीत. एकाच गोष्टीची ती तीन टोकं आहेत.

नुसतं ‘ग्रेड वन’ असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पन्नाशीनंतर तो शेरा बऱ्याच रिपोर्टवर दिसतो, केस पिकावेत तसा. पण सोबत भिंत १२ आहे, पुरुषांमध्ये ती १० मिलिमीटरपर्यंत असायला हवी. फार नाही, पण जाड आहेच. आणि किल्ला चढताना लागणारा दम. चढावर ठोके वाढतात, ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ कमी होतो, आणि कडक कप्प्याला नेमका तोच वेळ पुरत नाही. रक्त मागे फुप्फुसाकडे तुंबतं, माणूस थांबतो. अर्थात दम लागण्याची इतरही कारणं असतात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा हे त्यातलं मोठं. तुमच्या डॉक्टरांनी त्याबद्दल काय ठरवलंय ते विचारून घ्या, आणि तोवर किल्ल्याऐवजी सपाटीवर चाला. चालताना छातीवर दडपण आलं, घाम फुटला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, किंवा रात्री आडवं झाल्यावर श्वास कोंडून उठून बसावं लागलं, तर सल्ल्याचं सदर वाचत बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा.

आता होल्टर. बोलताना आपण होल्टर म्हणतो; खरं होल्टर ईसीजीचं असतं, हे २४ तासांचं बीपीचं मशीन. नाव काही असो, काम फार मोलाचं आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक रात्र ते लावून झोपले होते. कमरेला डबी, दंडाला पट्टा, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने घूंऽऽ करून पट्टा आवळतो. पहिले दोन तास वाटतं, झोप लागणारच नाही. मग लागते. पहाटे मला स्वप्न पडलं की कुणीतरी दंडाला धरून ओढतंय. जाग आली तेव्हा मशीन हवा सोडत होतं. सांगायचा मुद्दा असा की एका रात्रीच्या आकड्यांत त्या रात्रीच्या झोपेची प्रत मिसळलेली असते.

निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसाच्या मानाने १० ते २० टक्के खाली उतरतं. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या एका छोट्याशा पत्रात ओवेन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची दोन गटांत वाटणी केली: रात्री खाली बुडी मारणारे ते डिपर, न मारणारे ते नॉन-डिपर. नॉन-डिपर गटात पक्षाघात होऊन गेलेले लोक जास्त निघाले. तेव्हापासून हे शब्द रिपोर्टवर आहेत. पुढे त्यात आणखी दोन जातींची भर पडली. रात्रीचं बीपी दिवसापेक्षाही चढतं ते उलटे, आणि २० टक्क्यांहून जास्त कोसळतं ते अतिडिपर.

तुमच्या रिपोर्टवर दिवसाची सरासरी १३६/८६, रात्रीची १३१/८२. घट जेमतेम ४ टक्के. पण दुसऱ्या पानावर सगळ्या आकड्यांचा तक्ता आहे, आणि त्याच्यामागे मिस्टरांनी हाताने लिहिलेली दिवसभराची टिपणं. त्यात लिहिलंय: ‘११.४० हिशोब पुरा, झोपलो.’ मशीनने मात्र रात्र दहापासूनच धरली आहे! दहा, साडेदहा, अकरा, साडेअकरा असे चार आकडे ते खतावणी पुढ्यात घेऊन बसलेले असतानाचे आहेत, सरासरी १४०. मी पेन्सिल घेऊन बसले आणि ते चार काढून टाकले. उरलेल्या बारा आकड्यांत वरच्या बीपीची सरासरी १२८ आली. म्हणजे घट ४ नव्हे, ६ टक्के. नॉन-डिपर तरीही आहेतच, पण यंत्राने दाखवले तेवढे नाहीत. पहाटे तीनच्या १४२ वर मी जरा थबकले. त्याच्या दहा मिनिटं आधी लघवीला उठल्याची नोंद आहे. तो आकडा काढायचा मोह झाला, पण काढला नाही. ते रोज दोन-तीनदा उठत असतील तर ते उठणं त्यांच्या रात्रीचाच भाग आहे.

ही पेन्सिलीची खटपट लॅबने करायला हवी होती. झोपायची आणि उठायची खरी वेळ मशीनमध्ये भरणं हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि सर्रास केलं जात नाही.

आणखी एक. ‘डिपर’, ‘नॉन-डिपर’ हे शिक्के तितकेसे पक्के नसतात. त्याच माणसाला महिन्याभराने पुन्हा मशीन लावलं तर बऱ्याच जणांचा शिक्का बदलतो. म्हणून मी स्वतः टक्क्यांपेक्षा रात्रीच्या सरासरीकडे जास्त बघते, ती त्या मानाने स्थिर असते. नेहमी वापरली जाणारी मर्यादा अशी: जागेपणी १३५/८५, झोपेत १२०/७०, चोवीस तासांची १३०/८०. अमेरिकेतली २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणखी कडक आहेत, रात्रीसाठी ११०/६५. यातली कुठलीही घेतली तरी १२८ बसत नाही. आणि दिवसाचे १३६/८६ सुद्धा दवाखान्यातल्या १२८/८० पेक्षा जास्तच आहेत. सातला गोळ्या, दहा-अकराला दवाखाना, तिथे बाकावर वीस मिनिटं निवांत बसणं, आणि मग मोजमाप. डॉक्टरांना दिवसातला सगळ्यात गुणी आकडा दिसत होता. त्यात कुणाचीच चूक नाही.

रात्रीचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. दिवसाला हृदयाचे लाखभर ठोके पडतात, त्यातले पंचवीस-तीस हजार झोपेत. हे हलके पडायला हवेत. रहाटाच्या बैलाचंही संध्याकाळी जू उतरवतात. रात्री दाब उतरला नाही तर हृदयाची पाळी संपतच नाही. तेच स्नायू चोवीस तास वाढलेल्या दाबाशी झुंजतात आणि जाड होतात. जपानमध्ये ओहासामा नावाच्या गावात लोकांना घरीच ही मशीनं लावून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. २००२ साली छापलेल्या निष्कर्षात दिसलं की बीपी असलेल्यांमध्ये रात्रीची घट दर ५ टक्क्यांनी कमी होत गेली, तसा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका साधारण २० टक्क्यांनी वाढत गेला. २०२० मध्ये जपानमधूनच आलेल्या, सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात रात्री बीपी उलटं चढणाऱ्यांना हार्ट फेल्युअरचा धोका सुमारे अडीचपट निघाला. तुमचे मिस्टर त्या उलट्या गटात नाहीत, हे पुन्हा सांगते.

आणि हा धोका वर्षांच्या हिशोबाने काम करतो. मशीनवाल्या मुलाने ‘झोपेत अटॅक’ म्हणून तुम्हाला घाबरवलं, पण ठरावीक रात्री काही होईल असा त्याचा अर्थ नाही. खरं तर अटॅक आणि पक्षाघात सकाळी उठल्यानंतरच्या काही तासांत जास्त येतात. तुमच्यापाशी वेळ आहे. मात्र वेळ गोळीच्या तासात नव्हे, कारण शोधण्यात घालवायचा.

व्हॉट्सॲपवर फिरतंय ते अगदी हवेतून आलेलं नाही. २०१९ मध्ये स्पेनमधल्या ‘हायगिया’ नावाच्या अभ्यासाने १९,०८४ लोकांच्या आधारे दावा केला की गोळ्या झोपताना घेतल्या तर हृदयविकाराच्या घटना जवळजवळ निम्म्यावर येतात. बातमी जगभर गेली. निकाल इतका गोड होता की बऱ्याच तज्ज्ञांनी अभ्यासाच्या पद्धतीवरच शंका घेतली. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ‘टाइम’ चाचणीचा निकाल आला: २१,१०४ लोक, पाच वर्षांहून जास्त काळ, निम्मे सकाळी घेणारे, निम्मे रात्री. फरक शून्य. २०२४ मध्ये कॅनडातल्या ‘बेडमेड’नेही तेच सांगितलं. दुसरी आणि तिसरी बातमी कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण ‘काहीच फरक पडत नाही’ या ओळीला अंगठे मिळत नाहीत.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तुमच्या मनाने वेळ बदलू नका. गोळी कधी घ्यायची, तर जेव्हा विसरली जाणार नाही तेव्हा. मिस्टर आठ वर्षं सातला घेताहेत, ही सोन्यासारखी सवय आहे, ती मोडू नका. शिवाय त्यांच्या दोन्ही गोळ्या लांब पल्ल्याच्या आहेत. ॲम्लोडिपिन तर दीड-दोन दिवस अंगात रेंगाळते. रात्रीचं बीपी उतरत नसेल तर अडचण वेळेची कमी आणि मात्रेची किंवा मूळ कारणाची जास्त असण्याची शक्यता आहे. डॉक्टर कदाचित टेल्मिसार्टन वाढवतील, कदाचित तिसरी गोळी जोडतील, कदाचित एखादी रात्रीही देतील. ते त्यांनी रिपोर्ट पाहून ठरवायचं. लघवीची गोळी जोडली तर ती मात्र सकाळीच. रात्री घेतली तर उठण्याच्या फेऱ्या वाढतील.

आता घोरणं.

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाला ‘काय गाढ झोपलाय’ म्हणतात. हा आपल्या भाषेतला एक मोठा गैरसमज आहे. तुम्ही हॉलमधून ऐकता त्या आवाजात नीट लक्ष द्या. तो एका लयीत चालतो की चढत चढत जाऊन एकदम थांबतो? दहा, वीस, तीस सेकंद शांतता, आणि मग घुसमटल्यासारखा फुर्र करून मोठा श्वास, कूस बदलणं, पुन्हा सुरू? बायका मला सांगतात, ‘घोरणं थांबतं ना, तेव्हाच मला भीती वाटते.’ त्यांची भीती बरोबर असते.

त्या शांततेत घसा मिटलेला असतो. छाती श्वास ओढायला धडपडते, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू खाली येतो. मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं उसळतात, बीपी झटक्यात वर जातं. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. तासाला पंधराहून जास्त वेळा असं झालं तर मध्यम, तीसहून जास्त वेळा झालं तर तीव्र स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा दाबल्यासारखं! अशा रात्रीत बीपीने बुडी मारायची कधी? आणि बंद घशापुढे श्वास ओढताना छातीच्या आत जो उलटा ताण तयार होतो, तो थेट हृदयाच्या कप्प्यांवर येतो. वरचा कप्पा ताणला जातो, ताणलेला कप्पा एक संप्रेरक सोडतो, आणि त्याने मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. म्हणजे ‘ते वयाने’ म्हणून तुम्ही ज्याला बाजूला सारलंत, ते रात्रीचं उठणंही याच धाग्याला बांधलेलं असू शकतं. प्रोस्टेट असेल, साखर असेल, तेही बघायचंच. पण ५६ हे काही म्हातारपण नव्हे.

एक रात्र मोबाइलवर त्यांचं घोरणं रेकॉर्ड करा. नुसता आवाज नको, व्हिडिओ करा, छाती हलताना दिसली पाहिजे. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते का ते बघा. सकाळी तोंड कोरडं, डोकं जड असतं का ते विचारा. गळ्याचं माप टेपने घ्या, १७ इंचांच्या वर असेल तर संशय आणखी पक्का. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ‘स्लीप स्टडी करायची का?’ ती आता घरी, आपल्या अंथरुणावरही करता येते: बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी, एवढंच.

ॲप्निया निघालाच तर नाकावर लावायचं हवेचं यंत्र मिळतं, सीपॅप. त्याबद्दल मी जास्त आशा दाखवणार नाही. त्याने बीपी सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं. पण रात्रीच्या चित्रात फरक पडतो. स्पेनमधल्या, २०१३ साली छापून आलेल्या ‘हिपार्को’ चाचणीत गोळ्यांना दाद न देणारं बीपी आणि ॲप्निया दोन्ही असलेले १९४ रुग्ण घेतले होते. १२ आठवड्यांनी यंत्र वापरणाऱ्यांपैकी ३५.९ टक्के डिपर झालेले दिसले, न वापरणाऱ्यांत २१.६ टक्के. यंत्राची पहिली रात्र सगळ्यांना नकोशी होते. ‘हत्तीची सोंड लावून कोण झोपणार’ असं म्हणत एक गृहस्थ दुसऱ्याच दिवशी ते परत करायला आले होते. चौथ्या आठवड्यात त्यांनीच मला सांगितलं की पंधरा वर्षांनी दुपारी डुलकी न घेता पेपर वाचून झाला. वजन आठ-दहा किलोंनी उतरलं तर यंत्रावाचूनही बराच फरक पडतो. पत्रात वजन लिहिलेलं नाही, आणि रात्रीच्या ‘बसण्या’बद्दलही काही नाही. मी विचारत नाही, पण झोपण्याआधीची दारू घसा आणखी ढिला करते एवढं माहीत असू द्या.

मग मीठ. अंगातलं जास्तीचं मीठ मूत्रपिंडांनी दिवसाच बाहेर टाकायला हवं. दिवसा ते काम पुरं झालं नाही तर रात्री ओव्हरटाइम होतो, आणि मीठ ढकलून बाहेर काढायला वाढीव दाब लागतो. म्हणून रात्री बीपीही चढं आणि लघवीही जास्त. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी नॉन-डिपर रुग्णांचं मीठ तोडलं, तेव्हा रात्रीची बुडी परत आलेली दिसली. औषध न बदलता.

तुम्ही किराणावाले, तुम्हाला वजनाच्या भाषेत सांगते. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. घरात तुम्ही दोघंच असाल तर एक किलोचा पुडा शंभर दिवस तरी जायला हवा. पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख टाका आणि बघा कधी संपतो ते. चाळीस दिवसांत संपला तर पुढे काही मोजायला नको. दुकानात बसून खाल्लेलं फरसाण, लोणच्याची फोड, पापड, खर्डा हे त्या पुड्याच्या हिशोबाबाहेर, वर! साडेअकरापर्यंत हिशोब म्हणजे जेवण दहानंतर असणार. ते साडेआठला दुकानातच डब्यातून झालं तर उत्तम. सैंधव म्हणजे औषध नव्हे, तेही मीठच. आणि ‘लो सोडियम’ मिठाचा पुडा तुमच्याच मांडणीवर असेल, पण तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढतं, आणि मूत्रपिंडं कमी पडत असतील तर दोन्ही मिळून धोका होतो.

गुडघ्याची गोळी तर लगेच थांबवा. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या घराण्यातली असेल तर ती मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, बीपी चढवते आणि टेल्मिसार्टनचा जोर मारते. एकीकडे गोळी घेऊन उतरवायचं आणि दुसरीकडे गोळी घेऊन चढवायचं, असं चाललंय. आणि तिच्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना बहुधा माहीतच नाही, कारण मेडिकलमधून आणलेली गोळी कुणी ‘औषध’ म्हणून सांगत नाही. अगदीच सहन होत नसेल तेव्हा पॅरासिटामॉल त्या मानाने बरी, तीही रोजची नको.

डॉक्टरांकडे जाताना लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि तीन महिन्यांची साखर, एवढं विचारा. मूत्रपिंड आणि मधुमेह, दोन्ही रात्रीचं बीपी अडवून धरतात. उभं राहिल्यावर बीपी किती पडतं तेही एकदा बघायला सांगा. गोळ्या वाढवण्याआधी ते कळलेलं बरं, नाहीतर रात्री बाथरूमला उठलेला माणूस पडतो.

एको दर महिन्याला करण्यात अर्थ नाही. जाड झालेली भिंत बीपी नीट आवरलं तर उतरते, टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्यांनी चांगली उतरते, पण त्याला महिने लागतात, वर्षभराने बघा. बीपीचं मशीन मात्र तीनेक महिन्यांनी पुन्हा लावा, म्हणजे मीठ, गुडघ्याची गोळी आणि जमलं तर घोरण्याचा बंदोबस्त झाल्यावर. त्या रात्री हिशोब नको, दहाला अंथरुणात. ज्या दंडाला पट्टा त्या कुशीवर झोपायचं नाही.

घरचं मशीन कपाटात टाकू नका. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री झोपण्याआधी, पाच मिनिटं टेकून बसल्यावर, दोन-दोनदा मोजा. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस पुरेत. सकाळी गोळीआधीचा आकडा पहिल्यांदा बघाल तेव्हा तुम्हाला दवाखान्यातल्या १२८ चं रहस्य कळेल.

तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला मिस्टर नको म्हणतील. सगळेच म्हणतात, ‘मी कुठे घोरतो?’ तुम्ही दाखवा. आणि पुढच्या रिपोर्टची झेरॉक्स पाठवाल तेव्हा वर पेनाने झोपल्याची आणि उठल्याची वेळ लिहून पाठवा, म्हणजे मला पुन्हा पेन्सिल शोधावी लागणार नाही.